निर्बंधित निधीची शिल्लक खातेवहीत जास्त दिसत असल्यास : माझा अनुभव

विद्यापीठातील एका संशोधन अनुदानाची (देणगीदाराने ठरवलेल्या कामासाठीच वापरायच्या, म्हणजे निर्बंधित निधीची) अखर्चित शिल्लक खातेवहीत जास्त आणि देणगीदाराला पाठवायच्या खर्च-विवरणात कमी दिसत होती. बँक ताळमेळ दोनदा केला, जमा पावत्या पुन्हा तपासल्या, तरी फरक तसाच राहिला. तीन आठवडे मी अक्षरशः हैराण होतो.

कारण अग्रिमांत, म्हणजे खर्चासाठी आगाऊ दिलेल्या रकमांत होते. क्षेत्रभेटीसाठी संशोधकाला रक्कम दिली, की विवरण ती त्याच दिवशी खर्च धरत असे, खातेवहीत मात्र बिले येईपर्यंत ती येणे रक्कम म्हणून राहत असे.

प्रथम वर्षअखेरीस थकीत असलेल्या अग्रिमांची निधी-संकेतांकानुसार (प्रत्येक निधीच्या ओळख-क्रमांकानुसार) यादी काढली. ज्यांची बिले आली होती, त्यांची खर्च खाते नावे (डेबिट), अग्रिम खाते जमा (क्रेडिट) अशी नोंद त्याच संकेतांकावर केली. उरलेले अग्रिम विवरणातील खर्चातून वगळून स्वतंत्र ओळीत दाखवले. त्यानंतरच प्रत्यक्ष खर्चाइतकी रक्कम निर्बंधित निधी नावे आणि अनुदान उत्पन्न जमा केली. ही नोंद आधी केल्यास नंतर आलेल्या बिलांचा खर्च सर्वसाधारण निधीवर पडतो, आणि माझी मूळ चूक तीच होती. दोन्ही शिलकी पैशापर्यंत जुळल्या.