कोकणातल्या घरी वर्षाची लाकडं कशी भरून ठेवायची

आमच्या रत्नागिरीकडे घरोघर गॅस आलाय, तरी मागच्या पडवीतली चूल काही सुटत नाही. आंघोळीचं पाणी, पेज, भाकऱ्या, गणपतीतले मोठे टोप सगळं तिच्यावरच. पण तिला लागणारी लाकडं मे महिन्यात आठवली तर उशीर झाला समजा. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत नुसतं पाणी असतं, ते उडवायला तीन-चार महिन्यांचं कडक ऊन लागतं, आणि ते ऊन आपल्याकडे जानेवारी ते मेच काय ते मिळतं.

म्हणून भाताची झोडणी आटपली की लगेच कामाला लागायचं. तेव्हा सकाळी मस्त गारठा असतो, आंब्याला मोहर येत असतो, कुऱ्हाड चालवली तरी घामाघूम व्हायला होत नाही. हेच काम एप्रिलमध्ये करून बघा, तासाभरात ताकाचा तांब्या मागाल.

आपल्या जागेतलं झाड आहे म्हणून सरळ करवत लावायची नाही हं. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, साग अशी बरीच झाडं आहेत, ती खाजगी जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. खरं तर घरापुरतं भागवायला झाड पाडावंच लागत नाही. वादळात मोडलेल्या फांद्या, काजूच्या बागेतली वाळकी लाकडं, आणि माडाखाली पडलेल्या झावळ्या, पोया (फुलोऱ्यावरची वाळकी आवरणं), सोडणं (नारळाची वरची सालं), करवंट्या एवढं रोज येताजाता गोळा केलं तरी ढीग होतो. माडाचा हा माल पेटवायला झकास पण भुर्रकन जळून जातो, भात शिजवायला त्याचा उपयोग नाही. निखारा टिकायला ऐन किंवा किंजळ पाहिजे. पांगारा, सावर असली हलकी लाकडं घरात आणूच नका, जागा अडवतात आणि ऊब काही देत नाहीत. आणि काजू बियांची टरफलं चुलीत टाकू नका, त्यातल्या तेलाचा धूर डोळ्याला आणि घशाला फार झोंबतो.

जाड ओंडके ओले असतानाच फोडून घ्या. साल पाणी धरून ठेवते, फोडलेल्या बाजूने मात्र ते भराभर निघून जातं. ओंडका उभा ठेवायचा, गाठ टाळायची, आधीच चीर पडलेली असेल तर घाव तिच्यावरच घालायचा, गाठाळ असेल तर पाचर मारून घणाने ठोकायची. चपलेवर हे काम नको, बूट घाला, आणि पोरांना लांब बसवा.

मग वाळवण. खाली चार चिरे म्हणजे जांभ्याचे दगड, त्यावर आडवे बांबू, आणि वर लाकडं अशी रचायची की मधून वारा फिरेल. थेट जमिनीवर ठेवलीत तर वाळवी तुमच्या आधी जेवते. वाळलं की नाही ते बघायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा, ठणठणीत आवाज आला आणि टोकाला चिरा दिसल्या तर तयार, बद्द वाजलं तर अजून ऊन दाखवा. तरीही शंका असेल तर एक तुकडा जाळून बघा, ओलं असेल तर टोकाला फेस येऊन सूं सूं करतं.

एवढ्यात शिमगा होतो, काजूची बोंडं येतात, मग करवंदं, आंबे, फणस, पाहुणे. या गडबडीत लाकडं उन्हातच राहतात आणि रोहिणीतला एखादा वळीव सगळ्यावर पाणी फिरवतो. त्यामुळे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, बाकीची कामं राहिली तरी चालतील, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लाकडं पडवीत गेलीच पाहिजेत. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून रास घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला लावा. उघड्यावर ठेवायची वेळ आलीच तर वरून प्लास्टिक टाका, बाजू मोकळ्या सोडा, सगळीकडून गुंडाळलंत तर आतल्या आत बुरशी धरते.

पावसात राशीत हात घालायचा नाही, आधी काठीने लाकूड ओढायचं. कोरडी जागा विंचवाला आणि फुरसं या विषारी सापालाही आवडते. संध्याकाळी टॉर्चशिवाय तर जाऊच नका.

आषाढात दिवसभर धो धो चालू असतो तेव्हा दुसऱ्या दिवशीची लाकडं आदल्या रात्रीच चुलीच्या कडेला लावून ठेवा, उबेने उरलीसुरली ओल जाते, फक्त निखाऱ्याला चिकटवू नका. मग कुळथाची पिठी, गरम भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, या जेवणासाठी तर पावसाळ्यात मुद्दाम गावी यावं असं माझं मत. गणपतीसाठी जाड लाकडं वेगळी काढून ठेवा नाहीतर श्रावणातच संपतात. दिवाळीच्या पहाटेच्या आंघोळीनंतर जे उरेल ते पुढे आणून ठेवायचं, नवीन माल त्याच्या मागे रचायचा, म्हणजे जुनं आधी जळतं.