दात साफ करायला पण कोर्स असतो का?

मी डेंटल हायजीनिस्ट, म्हणजे दातांची सफाई करणारी. हा प्रश्न मला सोसायटीत, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारून झालाय. असतो बाबा! बारावी सायन्सला बायोलॉजी असेल तर दोन वर्षांचा डेंटल हायजीनिस्टचा डिप्लोमा असतो आणि नंतर स्टेट डेंटल कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन करायचं. फी भरायच्या आधी कोर्सला मान्यता आहे का ते स्वतः बघा, कारण काही महिन्यांचे असिस्टंटचे कोर्स याच नावाने गळ्यात मारणारे भेटतात.

1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्येच आपलं काम लिहिलंय: स्केलिंग (दातांवर साचलेला कडक थर, म्हणजे कीटण, खरवडून काढणं), सफाई, पॉलिशिंग आणि दातांची काळजी कशी घ्यायची ते शिकवणं. दात काढणं, रूट कॅनाल वगैरे डॉक्टरांचं.

मला सगळ्यात जड गेलं ते हाताचं वळण. अनामिका शेजारच्या दातावर टेकवून स्केलर, म्हणजे कीटण काढायचं अवजार, पेनासारखा धरायचा, बोट सुटलं की हिरडीला लागलंच म्हणून समजा. आणि आरशात बघून उलट्या दिशेने काम करताना पहिला महिनाभर रडू यायचं.

ठाण्याला नौपाड्यात पहिली नोकरी लागली तेव्हा एक आजी आल्या, मिश्री लावायच्या. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला लाळेच्या ग्रंथी उघडतात म्हणून तिथे कीटण जास्त साचतं, त्यांचं तर दगडच झालेलं. स्केलर लावला आणि एक खपली टण्णकन ट्रेमध्ये पडली तर आजी ओरडल्या, "अगं पोरी, दात पाडलास माझा!" मग आरसा धरून एकेक दात मोजून दाखवला तेव्हा कुठे शांत झाल्या. सफाईने दात हलतात असं लोकांना वाटतं, खरं तर हिरडी आधीच खाली गेलेली असते आणि कीटण निघाल्यावर फट दिसते. हे दिवसातून चारदा समजवायची तयारी ठेवा.

आता कटू भाग. आपल्याकडे बरेच डॉक्टर स्केलिंग स्वतःच करतात, त्यामुळे त्या पहिल्या क्लिनिकमध्ये नंतर नंतर मी फोन घ्यायचे, ऑटोक्लेव्ह (अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र) लावायचे आणि बिलं बनवायचे, आजींसारखे पेशंट महिन्यातून दोन. म्हणून इंटरव्ह्यूला पगाराच्या आधी विचारा, स्केलिंग कोण करणार? परदेशात पगार चांगला आहे हे खरंय पण तिथलं लायसन्स वेगळं, नुसत्या आपल्या डिप्लोम्यावर भागत नाही.

आता वाशीला आहे, दिवसाला सहा-सात पेशंट मीच करते. फक्त संध्याकाळी ट्रान्स-हार्बर लोकलला उभं राहिलं की मान वळत नाही.