पाणंदीला निघण्याआधी

कोल्हापुरात ग्रॅव्हलची, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवायची, गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो, सायकल कोणती घ्यायची? माझ्या मते तो यादीत तळाला टाकावा. आधी ऊस कुठे उभा आहे आणि कुठे तुटलाय ते बघा. आपल्याकडचे मातीचे रस्ते म्हणजे बहुतेक पाणंदी, आणि पाणंदीचं सगळं वेळापत्रक ऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर तिकडे फिरकायचंच नाही. काळ्या रानातली माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये अशी गच्च बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि खांद्यावर घेतल्यावर ती दुप्पट वजनाची निघते. ऑक्टोबरात वरून सुकलेलं दिसतं, आत ओल असते. शिवाय त्या दिवसांत दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, त्यामुळे पाणंद कुठे वळली तरी सारखीच दिसते. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की तोड लागते, ट्रॅक्टर-ट्रॉल्या फिरतात, खोल चाकोऱ्या पडतात. माझी पसंती जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च. बरीच रानं मोकळी झालेली असतात, खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्याचा नवा ऊस) फुटत असतो, मुरूम दाबून बसलेला असतो आणि लांबवर जोतिबाचा डोंगर दिसत राहतो. तो शहराच्या वायव्येला आहे एवढं ध्यानात ठेवलंत तर चुकायची भीती निम्मी कमी.

महिना ठरला की वार आणि तिथी बघा. जोतिबाच्या बाजूला रविवारी जाऊ नका. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या आगेमागे तर तिकडचे रस्ते सासनकाठ्यांचे (देवाच्या मानाच्या उंच काठ्यांचे) आणि भाविकांचे असतात, सायकलवाल्याचं तिथे काम नाही. गारगोटी रस्ता ओलांडून दक्षिणेला जाणार असाल तर कॅलेंडरात अमावास्या कधी आहे ते पाहून घ्या. त्या दिवशी आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते आणि नुसता रस्ता ओलांडायलाही थांबावं लागतं.

मग पाणी. पश्चिमेला फिरायचं म्हणजे भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांतली एखादी नदी ओलांडणं आलंच, आणि शांत वाट हवी असेल तर ती मोठ्या पुलावरून नव्हे, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून जाते. भोगावतीवर हळदी, राशिवडे, कोगे, तुळशीवर बीड, कासारीवर यवलूज. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. बरगे घातलेले असतात त्या महिन्यांत वरून जाणं सोयीचं. एका बाजूला तुडुंब पाणी, दुसऱ्या बाजूला खाली खडक, आणि मधे अरुंद स्लॅब. कठडा असेलच असं नाही. समोरून दुचाकी येताना दिसली तर अलीकडेच थांबा. मध्यावर गाठ पडली की कुणीतरी मागे जायचं असतं आणि वैरणीचा भारा लादलेला गडी मागे जात नसतो. पावसाच्या दिवसांत पेपरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज येते, 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका. तो आकडा पुराचा आहे. तो अजून लांब असतानाच हे बंधारे पाण्याखाली गेलेले असतात, तेव्हा त्याच्या भरवशावर बंधाऱ्याची वाट धरू नका.

कोरड्या दिवसांतही एक पाणी उरतंच, ते रानाला पाजायचं. मोटारीची वीज कधी दिवसपाळीला, कधी रातपाळीला. रात्रभर पाट फुटून वाहत राहिला तर फेब्रुवारीतही पन्नास पावलांचा चिखल तयार असतो. अशा ठिकाणी उतरून कडेच्या गवतावरून सायकल ढकला. कडेच्या वाफ्यातून मात्र नेऊ नका. पाणंद सगळ्यांची असली तरी बांध कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चाललेल्या या जिल्ह्यात आपण त्यात तिसरं चाक घालायला नको.

नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या, कारण नदीकाठच्या खोलगट भागात रेंज दगा देते. उपग्रहाच्या चित्रात जी रेघ सरळ पलीकडच्या गावात जाताना दिसते ती कधी कधी कुणाच्या तरी गोठ्यात संपते, म्हणून विचारायची सवय ठेवा. ‘मामा, ही पाणंद पुढं निघती का?’ असं विचारलं की ‘निघती की!’ हेच उत्तर येतं. त्यावर समाधान मानू नका. बैलगाडी जाते का आणि ओढ्याला पाणी आहे का, हे दोन प्रश्न वेगळे विचारा. अंतर विचारून उपयोग नाही. ‘हे काय, हितंच’ याच्या पोटात अर्धा किलोमीटर बसतो आणि सहासुद्धा.

आता सायकल. 40 मिलिमीटरचा टायर इथे पुरतो. एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, घरात पडून असेल तर तीही चालेल, नव्याने खर्च करण्याआधी तीच न्या. फ्रेममध्ये जागा असेल तर 45 चा घाला, चाकोरीत बरं वाटतं. हवा डांबरीवरच्या हिशेबाने भरू नका. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसवर 35 पीएसआयच्या आसपास ठीक, आत ट्यूब असेल तर थोडी जास्त. नाहीतर नवीन खडीकरणावर रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. खडीकरण म्हणजे ग्रॅव्हल नव्हे, हेही सांगून ठेवतो. डांबर पडण्याआधी पसरलेली ती मुठीएवढी खडी चालवण्याजोगी नसते. खरा शत्रू बाभळीचा काटा. कुंपणाला लावलेल्या फांद्या पाणंदीत येऊन पडतात आणि मातीच्या रंगात मिसळून जातात. त्यामुळे ट्यूबलेस करून घेतलंत तर पैसे सार्थकी लागतील, पण टायरमधलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाशी धरून हलवा, आत काही खळखळलं नाही तर निघण्याआधी भरा. टायरचं भोक बुजवायच्या प्लगचा संच, एक जादा ट्यूब, पंप आणि प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसणारा पितळी अडॅप्टर बरोबर हवा. गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तुमच्या बारीक व्हॉल्व्हला लागत नाही, आणि तो अडॅप्टर कागदी लिंबाच्या बीइतका असल्याने नेमका घरी राहतो. सीटखालच्या पिशवीतच टाकून ठेवा.

पाचटाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हे बाहेरच्या कुठल्या यादीत सापडत नाही. तोड झालेल्या रानाशेजारी पाणंदीवर वाळलेल्या पाल्याचा थर असतो. त्यातून जोरात गेलात की पाला मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) दोन छोट्या चाकांत गुंडाळतो, आणि तरीही पायडल मारत राहिलात तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो किंवा तुटतो. आवाज बदलला की लगेच पाय थांबवा, उतरा, हाताने ओढून काढा. जादा हँगर आणि तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक घेऊनच निघा. तुमच्या सायकलीचा नेमका हँगर ऐनवेळी दुकानात मिळेल, या आशेवर राहू नका.

पहिल्या खेपेला मी रंकाळ्यावरून फुलेवाडी, बालिंगा, कोगे, कसबा बीड अशी वाट सुचवेन. चढ किरकोळ, नदीकाठची रानं, आणि बीडमध्ये वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले जुने दगड) बघायला थांबायला निमित्त. तिथून हळदीकडे वळून राधानगरी रस्त्याने परत या. शेवटी पुईखडीचा चढ तेवढा अंगावर येतो. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. ते जमलं की दक्षिणेला पाचगाव, गिरगाव, नंदगाव, दिंडनेर्लीचा माळ घ्या. तिथे मुरूम जास्त, सावली कमी, आणि जमीन सारखी वर-खाली होत असल्याने पाय लवकर बोलतात. पन्हाळा या यादीत नाही. तो घाट आहे, त्याची हौस वेगळी.

दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे, सुटे पैसे. एवढं खाणं पुरे, कारण हंगामात वाटेत एखादं गुऱ्हाळ लागतंच आणि चुलवाणाशेजारी बसून गरम काकवी मिळाली की पाकिटातल्या एनर्जी जेलची आठवण होत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन निघायचा मोह मात्र आवरा. ते परतल्यावर. मुरमाच्या धक्क्यात ते पोटात राहत नाही.

वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर उतरून सायकल मधे धरा. पळालात की ती जिंकली. गव्याचं तसं नाही. 2021 च्या डिसेंबरात तर तो शहराच्या वेशीवर आला होता. पहाटे आणि तिन्हीसांजेला पश्चिमेकडच्या रानात दिसला तर लांबूनच मागे फिरा, फोटोसाठी एक पाऊलही पुढे नको. जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि नदीकाठी धुकं असतं, म्हणून उजाडल्यावरच निघा आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. परतीला अंधार होणार असेल तर डांबरीवर येऊच नका असं म्हणता येत नाही, पण उसाच्या ट्रॉलीच्या मागे लागू नका. तिला मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो, आणि जोडीला दुसरी ट्रॉली आहे हे ओलांडायला निघाल्यावरच कळतं.