व्हर्च्युअलबॉक्समध्ये रेड हॅट लिनक्स सुरूच होत नव्हतं: माझा अनुभव

आरएचसीएसएचा (रेड हॅट लिनक्सच्या प्रमाणपत्र परीक्षेचा) सराव घरीच करायचा होता, तोही व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरं आभासी मशिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. नवी पेठेतल्या एका क्लासची लॅब फी झेपणारी नव्हती, म्हणून रेड हॅटचं वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन घेतलं. ते फुकट आहे, 16 मशिनपर्यंत चालतं. क्रॅक कॉपीच्या वाटेला जाऊ नका.

अडचण अशी, की आभासी मशिन सुरू करताच ‘व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस’ असं यायचं; म्हणजे आभासी मशिन चालवायची प्रोसेसरची सोय लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये (बायोसमध्ये) बंद आहे. व्हर्च्युअलबॉक्स दोनदा काढून टाकलं, लिनक्सची इन्स्टॉल फाइल (आयएसओ) रात्रभर पुन्हा उतरवली. आठ दिवस गेले, अगदी रडकुंडीला आलो.

शेवटी टास्क मॅनेजर उघडलं. परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली ‘व्हर्च्युअलायझेशन: डिसेबल्ड’ दिसलं. मग लॅपटॉप पूर्ण बंद केला, चालू करताना एफ10 दाबत राहिलो (काहींत एफ2 किंवा डिलीट असतं). बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर बायोस बदलल्यावर ते रिकव्हरी की मागू शकतं, म्हणून ती आधी वहीत उतरवा, हे विसरू नका. बायोसमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ इनेबल केलं, सेव्ह करून बाहेर पडलो. नंतर आभासी मशिनला 2048 एमबी रॅम, 2 सीपीयू, 20 जीबी डिस्क दिली. इन्स्टॉलर लगेच उघडला.

लॉगिन झाल्यावर पहिलं काम: ‘सुडो सबस्क्रिप्शन-मॅनेजर रजिस्टर’. त्याशिवाय डीएनएफला (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडला) रेड हॅटची पॅकेजेस मिळत नाहीत.