विमानाचं अंतर मोजताना सपाट नकाशा विसरा

दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर काढायचं असेल तर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही ठिकाणांवर दोरा ताणून धरा. लंडन ते न्यूयॉर्क दोरा सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे फुगतो, कॅनडाच्या किनाऱ्याजवळून खाली उतरतो. तोच सर्वांत जवळचा मार्ग, साधारण ५,५५० किलोमीटर. ऑनलाइन कॅल्क्युलेटरही हेच मोजतात; फक्त उत्तर किलोमीटरमध्ये आहे की सागरी मैलांत, ते बघा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळे गोंधळ झाला तर आकडा जवळपास निम्मा दिसतो.

वेळेसाठी किलोमीटरमधल्या अंतराला ९०० ने (विमानाचा ताशी साधारण वेग) भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. इथे जवळपास पावणेसात तास येतात. प्रत्यक्षात मात्र लंडनहून जाताना आठेक तास लागतात, येताना सातच्या आसपास. कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. येताना ढकलतात, जाताना अडवतात.

खरी फसगत तिकिटावर होते. सकाळी ११ ला लंडन, दुपारी २ ला न्यूयॉर्क: प्रवास तीन तासांचा वाटतो! दोन्ही वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्कचं घड्याळ बहुतेक वर्षभर ५ तास मागे, म्हणून ३ अधिक ५, आठ तास. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडे घड्याळं तासभर पुढे-मागे करतात, पण वेगवेगळ्या तारखांना; तेव्हा काही दिवस हा फरक ४ तासांचा असतो.