नाताळच्या सुट्टीतला वाढदिवस कसा साजरा करावा

मुंबई-पुण्याच्या अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांना नाताळच्या सुमारास सुट्टी लागते आणि ती थेट नववर्षापर्यंत चालते. या आठवड्यात जन्मलेल्या मुलाला वाढदिवसाच्या दिवशी गणवेशाऐवजी रंगीत कपडे घालून वर्गात जाणे, बाईंनी टाळ्या वाजवायला सांगणे आणि मधल्या सुट्टीत चॉकलेट वाटणे, यांपैकी काहीच अनुभवता येत नाही. पालकांना सभागृहाची आणि केकची काळजी असते, मुलाला मात्र बहुधा हेच खटकत असते. म्हणून सर्वप्रथम वर्गशिक्षिकांना भेटून सुट्टी लागण्यापूर्वीच्या एखाद्या दिवशी रंगीत कपड्यांची परवानगी मागावी. शेवटचा दिवस शक्यतो टाळावा, कारण त्या दिवशी वर्गात नाताळचा कार्यक्रम असतो आणि अनेक मुले गावाला निघालेली असतात. मराठी माध्यमाच्या बऱ्याच शाळांत फक्त २५ डिसेंबरची सुट्टी असते. तेथे अडचण येते ती स्नेहसंमेलन आणि सहल यांच्या तारखांची, तेव्हा त्या आधी विचारून घ्याव्यात.

मित्रांना घरी बोलावण्याचा दिवस मूळ तारखेच्या आधीचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारीत ढकललेला वाढदिवस मुलाला उरकल्यासारखा वाटतो, तर आधी झालेल्या वाढदिवसाचे त्याला अप्रूप असते. आधीची तारीख निवडायला आपल्याकडे एक तयार सोय आहे, ती म्हणजे तिथी. उदाहरणार्थ, २२ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या दत्तजयंतीला जन्मलेल्या मुलाची तिथी २०२४ मध्ये १४ डिसेंबरला आणि २०२५ मध्ये ४ डिसेंबरला आली. दोन्ही वेळा सुट्टीच्या बऱ्याच आधी. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने तिथी दरवर्षी मागे सरकते, पण अधिक महिना आला की ती पुन्हा पुढे जाते. २०२३ मध्ये दत्तजयंती २६ डिसेंबरला होती, म्हणून पंचांग पाहिल्याशिवाय तिथीवर विसंबू नये. मूळ तारखेला घरी औक्षण करावे, आवडीचा पदार्थ करावा आणि आजी-आजोबांना बोलवावे. त्या दिवशी एवढे पुरेसे असते.

आमंत्रण दिवाळीच्या सुमारासच तोंडी देऊन ठेवावे. हे फार लवकर वाटेल, परंतु रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होत असल्याने नाताळात कोकणात किंवा गोव्याला जाणारी कुटुंबे ऑक्टोबरअखेरीसच आपले बेत पक्के करतात. केकची मागणी मात्र चार-पाच दिवस आधी नोंदवली तरी चालते, फक्त नाताळच्या आठवड्यात बेकऱ्यांत प्लम केकची गर्दी असते, हे ध्यानात ठेवावे.

शहरातली सभागृहे आणि हॉटेले वर्षअखेरीस महाग होतात, पण या ऋतूत पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या भागांत ज्वारी हुरड्यावर येऊ लागते. डिसेंबरच्या उत्तरार्धात कोवळी कणसे कोठे तयार आहेत, हे शेतकऱ्याला आधी विचारून दहा-बारा मुलांना शेतावर नेता आले, तर आगटीतून नुकताच भाजून काढलेला हुरडा, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी यांपुढे कोणत्याही सजावटीची गरज उरत नाही. आगटीजवळ एक मोठे माणूस सतत बसवावे, आणि ऊन खाली होण्याच्या आत परतावे, कारण डिसेंबरची संध्याकाळ शेतात बोचरी असते.

३० किंवा ३१ डिसेंबरच्या वाढदिवसाची गोष्ट वेगळी आहे. मोठ्यांच्या ‘थर्टी फर्स्ट’मध्ये रात्री बारा वाजता एकच केक कापून दोन्ही उरकण्याचा मोह सर्वांना होतो, आणि तोवर ज्याचा वाढदिवस आहे तो सोफ्यावर झोपलेला असतो. त्याचा केक संध्याकाळी पाच वाजता कापावा, त्यावर फक्त त्याचे नाव असावे, आणि नववर्षाची भेट म्हणून आणलेली वस्तू वाढदिवसाच्या भेटीत जमा धरू नये. वसई किंवा गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या भेटीबाबतही हाच नियम पाळावा.

पहिल्या वाढदिवसाला मात्र हे सारे नियम खुशाल बाजूला ठेवावेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येते, तेव्हा वर्षाच्या बाळासाठी नातेवाइकांना दोनदा प्रवास करायला लावण्यापेक्षा दोन्ही समारंभ जानेवारीत एकाच दिवशी केलेले बरे.