आयेल्ट्सची तारीख घेण्याआधी विभागाचं पान उघडा

मावसभावाला परदेशात शिकायचंय, त्यासाठी आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. परवा त्याचा फोन आला. "ताई, आयेल्ट्सची तारीख घेतोय. सात बँड पुरतात ना?" मी त्याला म्हटलं, थांब, पैसे भरू नकोस.

बँड म्हणजे नऊपैकी गुण. माझं पहिल्या वेळी असं झालं होतं: लिसनिंग 7.5, रीडिंग 7.5, स्पीकिंग 7, रायटिंग 6. सरासरी बरोबर 7. बाबांनी पेढे आणले. चार दिवसांनी मला हव्या असलेल्या एमएसच्या पानावर तळाशी एक ओळ दिसली: प्रत्येक भागात किमान 6.5. पुन्हा फी, पुन्हा दोन महिने. म्हणून विद्यापीठाचं मुख्य पान पाहून थांबू नका, तुमच्या विभागाचं पान उघडा आणि दोन आकडे वहीत लिहा, एकूण बँड आणि प्रत्येक भागाचा बँड. परीक्षेच्या प्रकारांपैकी मास्टर्ससाठी अकॅडमिकच निवडा. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. निकाल दोन वर्षं चालतो. आता संगणकावर परीक्षा दिली असेल तर 60 दिवसांत एकच भाग पुन्हा देता येतो, पण असा निकाल चालेल का हे विद्यापीठाला आधी मेल करून विचारा.

आपली मुलं अडकतात ती रायटिंगला. 60 मिनिटांत दोन उत्तरं: आलेखावर किमान 150 शब्द, निबंध किमान 250. निबंधाला दुप्पट वजन असतं, आणि मी आलेखावरच 35 मिनिटं घालवली होती. दुसऱ्या वेळी निबंध आधी लिहिला, 40 मिनिटांत. शेवटची चार मिनिटं फक्त 'अ', 'अ‍ॅन', 'द' तपासायला ठेवली. मराठीत आर्टिकल नसतंच, त्यामुळे ते सुटलं तरी आपल्या कानाला खटकत नाही. प्रत्येक नामावर बोट ठेवून पाहावं लागतं. रायटिंग 7 आलं.

लिसनिंग एकदाच ऐकवतात. दोनच शब्द मागितले असतील तर तिसरा लिहिला की गुण गेला, आणि स्पेलिंग चुकलं तरीही. चुकीला वजा गुण नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नका.

स्पीकिंग 11 ते 14 मिनिटांचं. त्यात विषय लिहिलेलं एक कार्ड मिळतं, विचाराला एक मिनिट, बोलायला दोनपर्यंत. मला आलं 'घरातली जुनी वस्तू'. मी आजीचा अडकित्ता निवडला आणि इंग्रजी शब्दच आठवेना. मग सांगितलं: सुपारी कातरायचं पितळेचं हत्यार, दोन मुठी, मध्ये पातं, जेवण झालं की आजी ओट्यावर घेऊन बसायची. शब्द अडला तरी बोलणं अडलं नाही, आणि परीक्षक तेही बघतात. उच्चार परदेशी करायचा प्रयत्न करू नका, स्पष्ट बोला.

भावाला सध्या एवढंच सांगितलंय: रोज रात्री स्वयंपाकघरातली एक वस्तू घे, सोऱ्या, पाटा, पुरणयंत्र, आणि तिच्याबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोलून फोनवर रेकॉर्ड कर. काल त्याने सोऱ्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. एक मिनिट दहा सेकंद झालंय.